घडीच्या टपाची मोटारगाडी

मोटारगाडीचें छप्पर ऊन-पावसापासून निवारा देतें, हें कोणासही ठाऊक असतें. तेंच छप्पर गाडीला बळही देतें, हें मात्र तें कापून काढल्यावरच कळतें. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनींतील दोन कारागीर घराण्यांनीं हा धडा आपापल्या परीनें गिरविला.

मोटारींच्या बाल्यावस्थेंत बहुतेक गाड्या उघड्याच असत. घोडागाड्या बांधणारे कारागीरच त्यांचे सांगाडे तयार करीत. मुंबईच्या रस्त्यांवर एके काळीं धांवणाऱ्या व्हिक्टोरियाला मागें दुमडणारा टप असे, तसाच टप या गाड्यांनाही आला. सर्व भार खालच्या जाड पोलादी चौकटीवर असल्यामुळें वर कापड असलें काय किंवा नसलें काय, बळकटींत फरक पडत नसे. पुढें पोलादी पत्र्याच्या बंद गाड्या स्वस्त झाल्या, तळ हलका होत गेला, आणि त्याचा भार भिंतींनीं व छपरानें वांटून घेतला.

फर्डिनंड पोर्शे यांनीं आंखलेली फोक्सवॅगन, म्हणजे पुढें ‘बीटल’ या नांवानें जगप्रसिद्ध झालेली गाडी, याच नव्या विचाराची होती. तळाशीं पत्र्याची पाटी, तिच्या मध्यावर लांब कणा, आणि वर बोल्टांनीं आंवळलेलें गोलाकार कवच, अशी तिची रचना. २६ मे १९३८ रोजीं कारखान्याच्या कोनशिलेच्या समारंभांत घडीच्या टपाचाही एक नमुना मांडलेला होता. परंतु युद्ध आलें आणि तो बाजारांत येऊं शकला नाहीं.

युद्धानंतर हा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखालीं चालूं लागला. १९४८ च्या आरंभीं हाइन्रिख नॉर्डहोफ यांनीं त्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. १९४९ सालीं टप बसविण्याचें काम दोघांकडे गेलें : दोन माणसांची डौलदार गाडी व्युल्फ्राट येथील हेबम्युलर यांनीं करावी, आणि चार माणसांची ओस्नाब्रुक येथील कारमान यांनीं.

काम दिसावयास सोपें होतें, पण पुठ्ठ्याच्या खोक्याचें झांकण काढून तें पिळून पाहावें, म्हणजे अडचण समजते. छप्पर गेलेली गाडी खड्ड्यांतून जातांना पिळवटते, दारें चौकटींत अडकतात, समोरच्या कांचेवर ताण येतो. म्हणून दारांखालच्या उंबऱ्यांत पोलादी पट्ट्या बसवाव्या लागल्या, कांचेची चौकट व दारांमागचे खांब मजबूत करावे लागले. छपराचा पत्रा गेला खरा, पण त्याहून अधिक पोलाद खालीं आलें, आणि उघडी गाडी बंद गाडीपेक्षां जड झाली ! कारमान यांचा टपही साधें कापड नव्हता. आंत अस्तर, मध्यें जाड भरण, वर जलरोधक आवरण आणि मागें खरी कांच, असा तो पदरी होता. दुमडल्यावर तो मागें उंच गठ्ठ्यासारखा दिसे. पण थंडीवाऱ्यांत उबदार राही.

हेबम्युलर यांच्या गाडीचा टप मागें सफाईनें दडून जाई आणि तिचा घाट अधिक देखणा होता. दैवानें मात्र साथ दिली नाहीं. २३ जुलै १९४९ रोजीं त्यांच्या कारखान्यास आग लागली. काम पुन्हा सुरू झालें, पण पैशाची घडी बसली नाहीं, आणि १९५२ सालीं पेढीच बुडाली. सुमारें सातशेंच गाड्या त्यांच्या हातून झाल्या. कारमान यांनीं मात्र जानेवारी १९८० पर्यंत तीन लाख तीस हजारांहून अधिक गाड्या बांधल्या. जर्मनींत बंद बीटलचें उत्पादन १९७८ सालींच थांबलें होतें. टपाची गाडी तिच्यामागें दोन वर्षें टिकली. पुढें २००९ सालीं कारमान यांनाही दिवाळें काढावें लागलें.

आज जुन्या बंद गाडीचें छप्पर कापून तिला हौसेनें टप बसविणारे लोक आहेत. करवत चालविणें हें एका दिवसाचें काम आहे. पण उंबरे, खांब आणि चौकट यांना आधीं आधार दिला नसेल, तर पहिल्याच खडबडीत रस्त्यावर दार उघडेनासें होतें आणि मूळ गाडीही हातची जाते. मोकळ्या आकाशाचें सुख घ्यावयाचें असेल, तर छपरानें वाहिलेला भार आधीं दुसऱ्या कोणाच्या तरी खांद्यावर ठेवावा लागतो, हीच या जुन्या कारागिरांची शिकवण.