लाइव्ह, पण एका सेकंदाने

पुण्याजवळच्या रहाटणीच्या एका अंगाला पवना नदी ओलांडली की पिंपरीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला वाकड मागे टाकलं की हिंजवडीचं आयटी पार्क. आधी इथे कंपनी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या, मग इंजिनिअरांचे फ्लॅट. शिफ्टची बस पकडणारा ऑपरेटर आणि रात्रपाळीला कॉम्प्युटरपुढे बसणारा सपोर्ट इंजिनिअर यांचा पगार वेगळा, पण कामाचा एक भाग अगदी सारखा आहे. चालू यंत्र स्वतःबद्दल काय लिहितंय, ते लिहिलं जात असतानाच वाचायचं.

हे काम कॉम्प्युटरच्या आधीचं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. हवामानवाल्यांच्या बॅरोग्राफमध्ये घड्याळाच्या किल्लीवर फिरणारं नळकांडं असायचं. त्यावर गुंडाळलेल्या कागदावर शाईची टोकदार पट्टी हवेच्या दाबाची रेघ ओढत राहायची. कागद साधारण आठवड्याने बदलायचा. रेघ खाली घसरताना डोळ्यांनी दिसायची, म्हणजे ‘लाइव्ह’ पाहणं तेव्हाही होतंच.

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. पेनिसिलिनची बुरशी बंद टाक्यांत कित्येक दिवस वाढवावी लागते. तापमान, हवा, आम्लता यांतलं काहीही बिघडलं, किंवा एखादा उपरा जंतू आत शिरला, की सगळी बॅच वाया जाऊ शकते. त्या काळच्या अशा उद्योगांत टाकीशेजारी गोल कागदी चार्ट असत. चोवीस तासांत एक फेरी पूर्ण, की नवा कागद. जोडीला लॉगशीट, दर तासाला रीडिंग घेऊन भरायची. (शिफ्ट सुटताना एका बैठकीत ‘भरलेली’ लॉगशीट मुरलेला सुपरवायझर लांबूनच ओळखतो. शाई एकच, अक्षर एकाच लयीत, आणि आकडे नको इतके गुणी.)

कॉम्प्युटरने हा तास सेकंदावर आणला. १९७७ च्या पीडब्ल्यूबी युनिक्समध्ये ‘टेल’ नावाची छोटी आज्ञा होती. ती फाइलच्या शेवटच्या ओळी दाखवायची. पुढे तिला ‘एफ’ हा पर्याय मिळाला, म्हणजे ‘फॉलो’. त्याची युक्ती इतकी साधी की हसू यावं. प्रोग्रॅम एक सेकंद झोपतो, उठतो, फाइलला नवं काही जोडलंय का बघतो, असेल तर छापतो, पुन्हा झोपतो. १९८० च्या दशकात बर्कलीत एरिक ऑलमनने सेंडमेल या टपाल-प्रोग्रॅमसाठी सिसलॉग लिहिला आणि सगळ्या यंत्राच्या नोंदी एका ठिकाणी येऊ लागल्या. लिनक्सला २००५ मध्ये आयनोटिफाय मिळालं. फाइल बदलली की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, कळवतो. टेलने ती सोय २००९ मध्ये घेतली आणि सेकंदाची डुलकीही गेली.

तोवर पुण्याचा नकाशा बदलला होता. टेल्कोच्या (आजच्या टाटा मोटर्सच्या) पोटात १९८९ मध्ये सुरू झालेली टाटा टेक्नॉलॉजीज आज हिंजवडीत आहे. ‘टेल मायनस एफ मार’ हे वाक्य आता शुद्ध मराठी समजायला हरकत नसावी. विंडोजवाल्यांचे मात्र हाल. नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल त्या क्षणापाशीच थिजते. नव्या ओळी हव्यात तर बंद करा, पुन्हा उघडा. म्हणून बेअरटेलसारखी फुकट साधनं कित्येकांच्या डेस्कटॉपवर आली.

तरी ‘आत्ता’ हातात येतोच असं नाही. बरेच प्रोग्रॅम प्रत्येक ओळ लगेच फाइलीत टाकत नाहीत. आधी मेमरीत साठवतात आणि बहुधा ४०९६ बाइट भरले की एकदम ओततात. स्क्रीन बराच वेळ गप्प, मग धबाधब ओळी, शेवटची मध्येच तुटलेली. सर्व्हर कोसळला तर न ओतलेल्या ओळी गेल्याच, आणि नेमक्या त्याच हव्या असतात. जाणकार म्हणूनच शब्दांपेक्षा वेग बघतो. ओळी नेहमीपेक्षा दाटल्या का? विरळ झाल्या का?

सगळ्यात फसवी शांतता मध्यरात्रीची. बऱ्याच ठिकाणी तेव्हा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, ‘रोटेट’ होतो: जुन्या फाइलचं नाव बदलतं, मूळ नावाने कोरी फाइल सुरू होते. टेलचा धाकटा ‘एफ’ (स्मॉल अक्षरातला) नावाला नव्हे, उघडलेल्या जुन्या फाइलीलाच धरून बसतो. नवे एरर दुसरीकडे पडत असतात आणि इथे स्क्रीन स्वच्छ. नवखा निर्धास्तपणे चहाला जातो. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर हे जागरण ऑफिसातून घरच्या टेबलावर आलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरून ‘अरे, कॅपिटल एफ लाव’ म्हणणारा सिनिअरही उरला नाही. मोठा ‘एफ’ दिला की टेल नाव धरून चालतो, फाइल बदलल्याचं एका ओळीत सांगतो आणि नवी उघडतो.