काडीमोड झाला, पॉलिसी राहिली

अंबरनाथच्या आयुध निर्माणीतल्या किंवा बदलापूरहून रोज मुंबईला लोकलने जाणाऱ्या सरकारी नोकराच्या घरी विम्याचे दोन कागद सहज सापडतात. एक आयुर्विमा महामंडळाचा, दुसरा टपाल जीवन विम्याचा. नोकरी लागली की हप्ता पगारातून कापायला सुरुवात, लग्न झालं की नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नाव, आणि मग कागद कपाटात. पुढे संसार मोडला तर भांडी, दागिने, मुलांचा ताबा, सगळ्यावर वाद होतो. हा कागद मात्र कुणी कपाटातून काढत नाही.

याचं मूळ जुनं आहे. टपाल जीवन विमा १ फेब्रुवारी १८८४ रोजी टपाल खात्यातल्या नोकरांसाठी सुरू झाला आणि १८९४ मध्ये खात्यातल्या स्त्री कर्मचाऱ्यांनाही तो मिळू लागला. नवऱ्याने बायकामुलांच्या नावे काढलेला विमा हा विश्वस्त निधी समजावा आणि सावकारांनी त्याला हात लावू नये, असं १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याने सांगितलं. मुंबई इलाख्यातल्या हिंदू-मुसलमान घरांना हे संरक्षण १९२३ मध्ये मिळालं. नॉमिनीचं कलम ३९ आलं ते १९३८ च्या विमा कायद्यात.

१९३८ साली बहुसंख्य हिंदूंना कायद्याने घटस्फोट मिळतच नव्हता. अनेक जातींत पंचांपुढे काडीमोड होई, बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ मध्ये कायदा केला होता. पण मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला, देशभर १९५५ मध्ये आणि परस्परसंमतीचा थेट १९७६ मध्ये. म्हणजे नॉमिनीचा रकाना आधी छापला गेला आणि नातं तुटण्याची सोय नंतर झाली. घटस्फोट झाला म्हणून नॉमिनीचं नाव आपोआप रद्द व्हावं, असं कलम ३९ आजही म्हणत नाही.

जोडविम्यात हा पेच जास्त घट्ट बसतो. महामंडळाच्या ‘जीवन साथी’ योजनेत एकाच पॉलिसीवर नवरा-बायको दोघांचा विमा असे. एक गेला की विमा रक्कम दुसऱ्याला मिळे, पुढचे हप्ते माफ होत आणि पॉलिसी तरीही चालू राही. ही योजना आता विकली जात नाही. टपालाची ‘युगल सुरक्षा’ मात्र आहे. अशा विम्यात मागे राहिलेला जोडीदार नुसता नॉमिनी नसतो, तो स्वतःच विमाधारक असतो. त्यामुळे वेगळं होऊन दुसरा संसार थाटलेला नवरा वारला, तर पहिलीच्या दाव्याचा निकाल पॉलिसीच्या शर्तींवर लागतो. नव्या घराला काय वाटतं, हा प्रश्न नंतरचा.

साध्या, एकट्याच्या पॉलिसीचं गणित न्यायालयांनी मांडलं. सरबती देवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितलं की नॉमिनी पैसे फक्त स्वीकारतो, मालकी वारसांचीच. २०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्या हक्काची केली. घटस्फोटित बायको ‘पत्नी’ उरते का, हे मात्र त्या कलमात स्पष्ट लिहिलेलं नाही. शिवाय २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने, वारसांनी दावा केला तर ही दुरुस्ती वारसा कायद्यावर मात करत नाही, असं म्हटलं. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या शेअर्सच्या वादातही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये नॉमिनीपेक्षा वारस मोठा मानला, तो निकाल विम्याचा नव्हे, पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतं.

हिंदू वारसा कायद्यात घटस्फोटित पत्नी वारस नाही. आई आणि मुलं पहिल्या वर्गात येतात, वडील दुसऱ्या. म्हणून एकाच दाव्यापुढे आई, मुलं, दुसरी बायको आणि कागदावरची पहिली अशी चौघं उभी राहू शकतात. मग महामंडळ वारसा प्रमाणपत्र मागतं आणि उल्हासनगरच्या कॅम्पातलं कुटुंब असो की बदलापूरचं, कोर्टाच्या खेपा सुरू होतात. महाराष्ट्रात वारस दाखला आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली निघतो, म्हणजे कल्याणला रेल्वे पोचण्याच्या कितीतरी आधीच्या कायद्याखाली!

बदलापुरात दोघांच्या नावे कर्ज काढून घेतलेल्या फ्लॅटची आणखी एक गाठ असते. कर्जापोटी पॉलिसी बँकेकडे तारण असेल तर आधी बँकेचं देणं फिटतं, उरलेलं पुढच्यांना.

तेव्हा परस्परसंमतीच्या अर्जात घर आणि पोटगीच्या शेजारी पॉलिसीचा क्रमांकही लिहून घ्यावा: जोडविमा मोडायचा की चालू ठेवायचा, हप्ता कोण भरणार, दावा कुणाचा. एकट्याच्या पॉलिसीवरचं नाव बदलायचं असेल, तर हुकूमनामा हाती पडला की शाखेत जाऊन नॉमिनी बदलाचा अर्ज भरावा आणि नोंद झाल्याचा कागद मागून घ्यावा.