म्हशीची सोनोग्राफी आणि १९८८ साल

नीटचा निकाल लागला की आपल्या जिल्ह्यातली पोरं आणि त्यांचे पालक विचारतात, एमबीबीएसला नंबर नाही लागला, आता काय? यंदा एक-दोघांनी वेगळंच विचारलं. "जनावरांची सोनोग्राफी शिकायची तर सुरुवात कुठून करायची? मशीन घेतलं तर धंदा होतो का?" उत्तर दोन ओळींत देता आलं असतं. पण या मशीनचा इतिहास माहीत नसताना कुणी यात उतरू नये असं मला वाटतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

गोष्ट सुरू होते १९५५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत. इयान डोनाल्ड हे तिथले प्रसूतितज्ज्ञ. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, त्यामुळे रडार-सोनार त्यांना परकं नव्हतं. जवळच्या एका बॉयलर कारखान्यात पोलादातली भेग शोधायला ध्वनिलहरींचं यंत्र वापरत. डोनाल्ड ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घालून तिथं घेऊन गेले. तुलनेसाठी शेजारी ठेवला होता मांसाचा एक मोठा तुकडा. म्हणजे बघा, पहिल्याच दिवशी माणूस आणि जनावर एकाच यंत्राखाली आले. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा लेख आला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

जनावरांच्या बाजूला १९६६ मध्ये अमेरिकेतल्या लिंडाल यांनी मेंढी गाभण आहे का हे ध्वनिलहरींनी ओळखून दाखवलं. पण पडद्यावर हलतं चित्र दिसायला लागलं ते १९८० च्या सुमारास, आणि तेही आधी घोडीचं, फ्रान्समध्ये. घोडीच का? तर पैसा तिथं होता, आणि घोडीला जुळं राहिलं की बहुतेक वेळा दोन्ही शिंगरं हातची जातात. ते वेळेत कळणं मालकाला लाखमोलाचं. त्यानंतर काही वर्षांतच ब्रिटन-ऑस्ट्रेलियात मेंढ्यांची सोनोग्राफी करणारे लोक वाड्यावाड्यावर फिरायला लागले. मेंढ्या रांगेत, प्रत्येकीला काही सेकंद, पाठीवर रंगाची खूण: एक कोकरू, दोन, की रिकामी. जुळंवालीला खुराक जास्त. पैसे नगावर. 'जनावरांची सोनोग्राफी करून पोट भरणारा माणूस' हा प्रकार खरा तिथं उभा राहिला.

आपल्याकडं क्रम उलटा झाला. कृत्रिम रेतन आधी आलं, १९३९ मध्ये म्हैसूरला. १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' काढली आणि रेतन शेतकऱ्याच्या दारात गेलं. पण गाभण आहे का हे बघायला मात्र हातच. कोपरापर्यंत मोजा चढवायचा, गुदमार्गातून गर्भाशय चाचपायचं. जुन्या डॉक्टरांचा हात इतका बसलेला असतो की ते बोलता बोलता महिने सांगतात. तरी हाताला खात्रीनं कळायला दीड-दोन महिने जावे लागतात. सोनोग्राफीत गायीचं महिनाभरात दिसतं.

हा फरक किरकोळ वाटेल, पण तो पंढरपुरी म्हशीच्या गोठ्यात जाऊन बघा. तलवारीसारखी लांब शिंगं, आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या नावाची जात. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, ओरडत नाही, लक्षण दाखवत नाही. भरवून आणली, पुन्हा माज दिसला नाही, मालक समजतो राहिली. तिसऱ्या महिन्यात तपासली तर रिकामी! २१ दिवसांचा एक माज धरला तर तीन-चार माज वाया गेले. तोवर कडबा-पेंड सुरूच. शेळीचं तर त्याहून अवघड, तिथं हात आत जातच नाही. सांगोल्याच्या बाजारात "गाभण आहे" म्हणून विकलेल्या शेळीचा भरवसा बोलण्यावरच असतो. आपल्याकडं खरं काम असेल तर ते इथं आहे, असं माझं मत.

आता १९८८. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. साताऱ्याच्या शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आणि महाराष्ट्रानं देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. मुंबईतल्या स्त्री संघटनांनी त्यासाठी रान उठवलं होतं. तेव्हा मुख्य चिंता गर्भजल तपासणीची होती, सोनोग्राफी नंतर पुढं आली. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी राज्यात दर हजार मुलग्यांमागं शून्य ते सहा वयाच्या मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, २००१ मध्ये ९१३ झाल्या, २०११ मध्ये ८९४. परळीचं प्रकरण २०१२ चं, ते विसरायला अजून कुणाला जमलेलं नाही.

याचा म्हशीशी काय संबंध? २००३ च्या दुरुस्तीत कलम ३-ब आलं. गर्भाचं लिंग दाखवू शकेल असं यंत्र नोंदणी नसलेल्या कुणालाही विकायचं नाही. 'कुणालाही'. प्रोब बदलला की पोट म्हशीचं आहे की बाईचं, हे यंत्राला कळत नाही. आणि गंमत म्हणा की दुर्दैव, गोठ्यात आपल्याला मादी हवी असते. रेडी झाली की पेढे, रेडा झाला की तोंड वाकडं. गायीच्या गर्भाचं लिंग साधारण दोन महिन्यांनी सोनोग्राफीत ओळखता येतं, आणि पशुवैद्यकाला ते शिकायला काही अडचण नाही. उंबऱ्याच्या आत तेच ज्ञान गुन्हा ठरतं, कारण तिथं आपली आवड उलटी आहे.

तर पोरांनो, सुरुवात मशीनपासून नाही. बारावी विज्ञान, नीट, मग साडेपाच वर्षांची पशुवैद्यक पदवी, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. राज्यातली पशुवैद्यक महाविद्यालयं नागपूरच्या माफसू विद्यापीठाखाली: मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, आणि आपल्याला जवळचं शिरवळ. सोनोग्राफी मुख्यतः दोन विभागांत शिकायला मिळते, शल्यचिकित्सा व क्ष-किरण विभाग आणि प्रसूतिशास्त्र. पुढं यातच पदव्युत्तर करता येतं. पण आधी हात बसला पाहिजे. प्रोब हातातच धरून आत न्यायचा असतो, बोटांना गर्भाशय सापडत नसेल तर पडद्यावर नुसता पाऊस दिसतो.

पदविका करून पशुधन पर्यवेक्षक होणाऱ्यांनीही एक लक्षात घ्या. १९८४ च्या कायद्यानं जनावरांवर उपचाराचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला दिलाय. पदविकाधारकाला किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

आणि मोबाईलवर "जनावरांचं मशीन आहे, कागदपत्रं लागत नाहीत" अशी जाहिरात दिसली, तर आधी कलम ३-ब वाचा, मग जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात जाऊन नोंदणीचं काय ते विचारा, आणि त्यानंतरच पैशाचं बोला.