शेजारचा धूर : शब्द, कायदा आणि उंबरठा

राहुरी हे मुळा नदीच्या परिसरातील तालुक्याचे गाव. शेजाऱ्याचा धूर ही येथील मनुष्यास नवी गोष्ट नव्हे. ऊस तुटून गेल्यावर फडातील पाचट पेटविण्याची रीत आणि गुऱ्हाळाच्या चुलवाणातून निघणारा धूर या दोन्ही गोष्टी त्याच्या चांगल्या ओळखीच्या आहेत. १९६८ साली स्थापन झालेले व राहुरी येथे वसलेले कृषी विद्यापीठ पाचट न जाळता ते शेतातच कुजवावे असा उपदेश शेतकऱ्यांस करीत आले आहे. या उपदेशात जमिनीच्या कसाचा विचार मुख्य आहे, शेजाऱ्याच्या डोळ्यांचा नव्हे. याचे कारण उघड आहे. शेतात धुराला वाट असते आणि माणसाला अंतर असते. वारा फिरला की तक्रारही विरून जाते.

मजल्यांच्या इमारतीत यांपैकी काहीच राहत नाही. तेथे शेजारी विटेच्या एका भिंतीपलीकडे असतो. जिना समाईक, गच्ची समाईक, आणि स्नानगृहांच्या खिडक्या ज्या उभ्या पोकळीत उघडतात व जिला सर्वजण डक्ट म्हणतात तीही समाईक. खालच्या मजल्यावर कोणी विडी वा सिगारेट पेटविली तर तिचा धूर वरच्या मजल्यावरील आजाऱ्याच्या किंवा पाळण्यातील मुलाच्या नाकाशी जातो. त्यांस उठून दुसरीकडे जाता येत नाही. तालुक्याच्या गावांतही अशा सदनिका बांधल्या जात असल्यामुळे हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा उरलेला नाही. या धुराविषयी भाषेने आणि कायद्याने आजवर कोणती भूमिका घेतली, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘धूमपान’ हा शब्द चरकसंहितेच्या सूत्रस्थानात येतो, परंतु तेथे तो औषधी धुराच्या सेवनाचा वाचक आहे. तंबाखू दक्षिणेत आली ती पोर्तुगीजांच्या संबंधातून. सतराव्या शतकाच्या आरंभी असद बेग याने ती विजापुराहून अकबराच्या दरबारी नेल्याचे प्रसिद्धच आहे. पुढे ‘धूम’ याच्या जागी धुरकट रंगाचा वाचक ‘धूम्र’ शब्द येऊन ‘धूम्रपान’ हे रूप मराठीत रूढ झाले. व्यवहारातील मराठी मात्र विडी ‘ओढते’ किंवा ‘फुंकते’, आणि तंबाखू ‘खाते’. या सर्व प्रयोगांत कर्ता आहे तो धूर स्वेच्छेने घेणारा. न मागता जो धूर घेतो त्याच्यासाठी भाषेने असा शब्द घडविला नाही. त्याच्याविषयी बोलताना मराठी वाक्याची रचनाच पालटते. ‘त्याला धूर लागतो’, ‘तिला धुराचा त्रास होतो’ असे आपण म्हणतो. सोसणारा चतुर्थीत जातो, धूर कर्त्याच्या किंवा कारणाच्या स्थानी येतो, आणि धूर सोडणारा मनुष्य वाक्यातून नाहीसा होतो. चुलीच्या धुराविषयी ही रचना स्वाभाविक होती, कारण चूल सर्वांचीच असे. तंबाखूच्या धुरासही तीच रचना लागू झाली, आणि त्यामुळे तो धूर दीर्घ काळ हवामानासारखा, कोणाचाही दोष नसलेला, मानला गेला. ‘अप्रत्यक्ष धूम्रपान’ किंवा ‘निष्क्रिय धूम्रपान’ हे अलीकडील शब्द ही उणीव भरून काढण्यासाठी परभाषेवरून बेतलेले आहेत. जर्मनीत फ्रिट्झ लिकिंट या वैद्याने १९३० च्या दशकात या अर्थाचा जर्मन शब्द वापरला होता.

कायद्याचा इतिहास याहून वेगळा नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या २७८ व्या कलमाने वातावरण आरोग्यास अपायकारक करणाऱ्यास ५०० रुपयांपर्यंत दंड सांगितला. येथे कर्ता स्पष्ट आहे. परंतु ज्यांस अपाय होतो ते परिसरात राहणारे, व्यवसाय करणारे किंवा रस्त्याने जाणारे सर्वसाधारण लोक आहेत. एकटा शेजारी या बहुवचनात सहज सामावत नाही. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाने निराळी वाट धरली. आपल्या जमिनीवर येणारी हवा इतरांनी अवाजवी रीतीने दूषित करू नये, हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क असल्याचे त्यातील सातव्या कलमाच्या एका उदाहरणात सांगितले आहे. हा अधिनियम १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू करण्यात आला. येथे एकवचनी पीडित प्रथमच कायद्यात येतो, पण मालक या नात्याने. भाडेकरूच्या खोलीपर्यंत हा विचार सहज पोहोचणारा नव्हता.

आणि मुंबईत त्या काळी बहुसंख्य लोक भाडेकरूच होते. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली, मुंबईत सुधार न्यास स्थापन झाला, आणि हवा व उजेड हे शहररचनेचे अधिकृत प्रश्न बनले. १९२० च्या दशकात विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे तळमजला व वर तीन मजले अशा चाळी उभारल्या. बीडीडी चाळी हे त्यांचे लोकप्रसिद्ध नाव. एका खोलीत एक कुटुंब, समोर समाईक वाट आणि दोन्ही बाजूंस खोल्या, अशा वास्तूत एकाच्या घरचा धूर दुसऱ्याच्या घरी जाणे अपरिहार्य होते. मुंबईचा धूम्र-उपद्रव अधिनियम १९१२ सालचा. परंतु त्याचा रोख बाष्पयंत्रांच्या व कारखान्यांच्या भट्ट्यांवर होता. घरगुती चूल त्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवली, आणि विडीचा तर प्रश्नच नव्हता. गिरणीच्या धुराड्यास कायदा विचारू शकत होता, पण घराच्या उंबरठ्याशी तो थांबत होता.

हा उंबरठा पुढेही टिकला. १९८१ साली ताकेशी हिरायामा यांनी जपानातील ९१,५४० धूम्रपान न करणाऱ्या विवाहित स्त्रियांचा चौदा वर्षे मागोवा घेऊन केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. अधिक धूम्रपान करणाऱ्या पतींच्या पत्नींस फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो, हा त्याचा निष्कर्ष होता. २००६ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने अशा धुराची कोणतीही निर्धोक मात्रा नाही, असे स्पष्ट म्हटले. म्हणजे ज्ञान घरात शिरले होते. कायद्याने मात्र प्रथम घराबाहेरची स्थळे हाती घेतली. मुंबईचे मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी रुग्णालये, शिक्षणसंस्था, ग्रंथालये, न्यायालये, सार्वजनिक कार्यालये व वाहने इत्यादी ठिकाणी धूम्रपानास बंदी करण्याचा आदेश दिला. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीच्या अधिनियमाने सार्वजनिक जागी धूम्रपान निषिद्ध ठरवून २०० रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि त्याखालील कडक नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले. दंडसंहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली. तिच्या २८० व्या कलमात दंड १,००० रुपयांपर्यंत वाढला, परंतु सर्वसाधारण लोकांचे बहुवचन तसेच राहिले.

या कायद्यांच्या दृष्टीने इमारतीचे दोन भाग पडतात. लोकांची ये-जा असलेल्या जागेची जी व्याख्या २००३ च्या अधिनियमात आहे, तिच्यात जिना, लिफ्ट व प्रवेशदालन यांचा समावेश होतो असा युक्तिवाद करता येतो. सदनिकेची बैठकीची खोली व सज्जा यांविषयी तसे म्हणणे कठीण आहे. धूर मात्र हा भेद मानीत नाही.

अन्य देशांत या अडचणीवर तीन प्रकारचे उपाय झालेले दिसतात. जपानात नागोया येथील जिल्हा न्यायालयाने २०१२ साली सज्ज्यात धूम्रपान करणाऱ्या रहिवाशास वरच्या मजल्यावरील स्त्रीला ५०,००० येन भरपाई देण्यास सांगितले. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी २०१५ मध्ये वेळेच्या वाटणीचे तत्त्व स्वीकारले. धुराचा उपद्रव खरोखर मोठा असेल तर शेजाऱ्यास सज्जा धुराविना वापरता यावा म्हणून ठराविक वेळा राखून ठेवाव्यात, असा त्याचा आशय. अमेरिकेत सार्वजनिक गृहवसाहतींस घराच्या आतही धूम्रपानबंदी लागू करण्यासाठी जुलै २०१८ अखेरची मुदत होती. भरपाई, वाटणी व बंदी या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. धूर सोडणारा आणि धूर सोसणारा या दोघांसही तेथे विशिष्ट व्यक्ती म्हणून ओळखले गेले.

महाराष्ट्रात हे कार्य करण्यास सर्वांत जवळची संस्था म्हणजे १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था होय. सभासदाने आपल्या सदनिकेत इतर सभासदांस उपद्रव होईल असे काही करू नये, असे बंधन आदर्श उपविधींत आहेच. त्यात ‘सदनिकेत’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दंडविधान जेथे थांबते तेथून हा नियम सुरू होतो. आणि येथे पीडित हा ना जमीनमालक, ना सर्वसाधारण जनता. तो सभासद आहे, म्हणजे शेजारी आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजूही दृष्टिआड करून चालणार नाही. अहिल्यानगर, संगमनेर, अकोले या भागांत विडी वळणे हा अनेक स्त्रियांचा घरबसल्या चालणारा व्यवसाय राहिलेला आहे. १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने घरी काम करणाऱ्यांसही कामगार मानले. म्हणजे त्या अधिनियमाने तंबाखूच्या संदर्भात घराचा उंबरठा पूर्वीच ओलांडला होता, पण तो श्रमासाठी, श्वासासाठी नव्हे. शिवाय व्यसनात सापडलेला वृद्ध हाही कोणाचा तरी शेजारीच असतो. त्यास अपराधी ठरवून जिन्यावर गाठण्याने धूर कमी होत नाही, वैर मात्र वाढते.

तेव्हा राहुरीसारख्या गावातील एखाद्या संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून जिना, लिफ्ट व डक्टकडील खिडक्या धूरमुक्त ठरविणे, सज्ज्यासाठी वेळा बांधून देणे आणि ‘धुराचा त्रास होतो’ एवढ्यावर न थांबता कोणत्या सदनिकेतून, कोणत्या वेळी, कोणास, अशी तक्रारीची नोंद ठेवणे, ही किरकोळ कारभाराची बाब समजू नये. दीडशे वर्षांहून अधिक काळ जे वाक्य अपुरे राहिले आहे, त्यात कर्ता आणि सोसणारा या दोघांसही त्यांच्या जागी आणण्याचा तो प्रयत्न आहे. शेजारधर्म या जुन्या शब्दात ही दोन्ही माणसे प्रथमपासूनच गृहीत धरलेली आहेत.