हाडांच्या शस्त्रक्रियेत लेसर : उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

कोल्हापूर : क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या राजारामपुरीच्या गल्ल्यांत दवाखाने आणि रुग्णालये दाटीने वसली आहेत. शहराबरोबरच कोकण व सीमाभागातील रुग्णही उपचारांसाठी कोल्हापुरात येतात. गुडघेदुखी वा कंबरदुखीने त्रस्त असलेल्यांना ‘लेसरने ऑपरेशन’ या शब्दांचे साहजिकच आकर्षण वाटते. मात्र अस्थिशल्यक्रियेत लेसरचे क्षेत्र मर्यादित आहे.

लेसर म्हणजे काय?
एकाच तरंगलांबीचा, सूक्ष्म बिंदूवर एकवटता येणारा प्रकाश म्हणजे लेसर. पहिला लेसर थिओडोर मैमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत तयार केला. शस्त्रक्रियेत पुढे रूढ झालेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत साकारला. त्याचे जनक कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याचे. पेशींतील पाणी हा प्रकाश शोषून घेते आणि त्या उष्णतेने ऊतींची वाफ होते.

सांध्यात व मणक्यात
कार्बन डायऑक्साइड लेसर पाण्यातच शोषला जात असल्याने सांध्यात वायू भरावा लागे. नंतरचा होल्मियम लेसर बारीक तंतूतून, पाणी भरलेल्या सांध्यातही वापरता येऊ लागला. मणक्यासाठी १९८६ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे पीटर आशर व डॅनियल चॉय यांनी नवी पद्धत वापरली. तीत सुईवाटे तंतू नेऊन गादीच्या गाभ्याचा अल्प भाग वाफेत रूपांतरित केला जातो व नसेवरील दाब कमी होतो. गादीचे बाह्य कडे शाबूत असेल तरच ती उपयोगी पडते. गादीचा तुकडा तुटून बाहेर आला असल्यास किंवा मज्जारज्जूची नलिका अरुंद झाली असल्यास तिचा लाभ होत नाही.

मर्यादा
लेसरने मोडलेले हाड जुळत नाही, झिजलेली कूर्चाही पुन्हा तयार होत नाही. गुडघ्यातील लेसर शस्त्रक्रियेनंतर लगतच्या हाडाचा भाग मृत झाल्याची उदाहरणे १९९० च्या दशकात नोंदली गेली. महागडी यंत्रसामग्री हीही अडचण होतीच. परिणामी सांध्यांच्या शस्त्रक्रियेत यांत्रिक अवजारे व रेडिओलहरींवर चालणारी उपकरणेच अधिक रुळली.

रुग्णांनी काय विचारावे?
दुर्बिणीद्वारे होणारी शस्त्रक्रिया म्हणजे लेसर नव्हे. तीत लहान छिद्रातून कॅमेरा घालून बहुधा साध्या अवजारांनीच काम होते. त्यामुळे लेसर नेमका कशासाठी वापरणार, आपल्या आजारात त्याचा पुरावा काय, पर्यायी उपचार कोणते आणि खर्चात फरक किती, हे प्रश्न संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावेत.