गाडीच्या दाराची काच

तर झालं असं, की मागच्या पावसाळ्यात एका रविवारी सोसायटीत गवत कापायचं मशीन फिरत होतं. मी बाल्कनीत चहा पीत उभा. मशीनच्या पात्याखाली एक खडा आला, उडाला आणि थेट आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दारावर बसला. खडा केवढा? बोराएवढा. 'टक्' असा आवाज आला तेव्हा काच होती, मी मान वळवली तेव्हा नव्हती. सीटवर, जमिनीवर, पायपुसण्यावर सगळीकडे जाड्या मिठासारखे खडे.

गवत कापणारे मामा मशीन बंद करून तिथंच थिजले. मी खाली गेलो तर पहिला प्रश्न, "किती लागतील हो?" (पैसे त्यांच्याकडून घेतले नाहीत. हे आईसाठी लिहितोय, तिनं फोनवर दोनदा विचारलं.)

आता माझं अज्ञान बघा. फोटोची काच फुटली की आपण काचवाल्याकडे जातो, तो हिऱ्याच्या पेनानं रेघ मारतो, टचकन तुकडा काढतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. मला वाटलं, इथंही तसंच. जुन्या दाराचं माप घेऊन गेलो. दुकानदारानं आधी माप बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "साहेब, गाडीची काच कापता येत नाही. कापायला गेलो तर अख्खी जाईल." तिला आकार, बाक, भोकं जे काय द्यायचं ते आधी. एकदा भट्टीतून बाहेर पडली, की तिला हत्यार लावायचं नाही. म्हणून त्या मॉडेलची, त्याच दाराची, त्याच बाजूची काच मागवावी लागते. ती यायला चार दिवस लागले. तोवर खिडकीला प्लास्टिक चिकटवलं, ते वाऱ्यानं रात्रभर फडफडायचं.

त्या चार दिवसांत या काचेचा जरा मागोवा घेतला. त्यामागं आणखी एक कारण होतं, त्यावर येतोच.

पहिल्या मोटारींना बाजूला काचच नव्हती. टपाला कापडी पडदे असत, पावसात ते बटणांनी लावायचे आणि बाहेरचं दिसावं म्हणून त्यांत अभ्रकाचे नाहीतर सेल्युलॉइडचे तुकडे शिवलेले. आपल्याकडच्या जुन्या जीपना ताडपत्रीत शिवलेलं पिवळट प्लास्टिक असायचं, त्याचे हे पूर्वज. पुढं बंद गाड्या आल्या आणि त्यांना लावली ती साधी, घराच्या खिडकीची काच. साधी काच फुटते कशी हे सांगायला नको. तिचे सुरे होतात. गाडी ताशी वीस-तीस मैलांनी आदळली, की आतल्या माणसाचा गळा आणि चेहरा त्या सुऱ्यांवर. मोटारीच्या पहिल्या तीस वर्षांत अपघातात माणसं नुसती आदळून गेली नाहीत, कापली जाऊनही गेली.

यावर दोन उत्तरं निघाली आणि आज आपल्या प्रत्येकाच्या गाडीत दोन्ही आहेत.

पहिलं उत्तर: काच फुटू दे, पण सुटू नये. एदुआर बेनेदिक्तुस नावाचा फ्रेंच रसायनज्ञ. १९०३ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेतला एक चंबू फळीवरून खाली पडला. तडे गेले, पण तुकडे विखुरले नाहीत. आतलं द्रावण सुकून सेल्युलोजचा पातळ पापुद्रा काचेला धरून बसला होता, अशी गोष्ट सांगतात. त्यानं १९०९ मध्ये पेटंट घेतलं: दोन काचा आणि मध्ये सेल्युलोज, म्हणून नाव 'ट्रिप्लेक्स'. गंमत अशी, की ही काच मोठ्या प्रमाणावर आधी वापरली गेली ती पहिल्या महायुद्धातल्या गॅस-मास्कच्या डोळ्यांना. मोटारवाल्यांना ती महाग वाटत होती. १९२७ च्या डिसेंबरात फोर्डचं 'मॉडेल ए' आलं, त्याच्या पुढच्या काचेला ती मुळातूनच बसवलेली होती. हीच आपली लॅमिनेटेड काच.

दुसरं उत्तर मला जास्त आवडतं, कारण ते उफराटं आहे. काच अशी करा, की ती फुटली तर संपूर्ण फुटेल.

याची मुळं पार १६६० पर्यंत जातात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स, त्याचा आतेभाऊ राजपुत्र रूपर्ट. यानं राजाला काचेचे काही थेंब आणून दाखवले. वितळलेल्या काचेचा थेंब गार पाण्यात टाकला, की टॅडपोलसारखा आकार होतो: गोल डोकं, लांब शेपूट. डोक्यावर हातोडी मारा, ढिम्म. शेपटीचं टोक चिमटीत मोडा, अख्ख्या थेंबाची हातात भुकटी! पुढच्याच वर्षी रॉयल सोसायटीनं त्यावर प्रयोग केले. दरबारात लोकांना चमकवायचा तो खेळच होऊन बसला. ही भुकटी होते कशी, याचे नीट वेगवान फोटो मिळायला १९९४ उजाडलं. चंद्रशेखर आणि चौधरी या दोघांनी ते घेतले. तडा शेपटीकडून डोक्याकडे सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर किंवा त्याहूनही जास्त वेगानं धावतो. माझी मान वळायच्या आत काच का गेली, ते कळलं.

याचं कारण समजावून घ्यायला मला आजीचा कंदील आठवला. कराडजवळच्या ओगलेवाडीला, औंध संस्थानच्या हद्दीत, ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला. तिथला 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घरोघरी होता, आमच्याकडेही होता. (त्याच्या आधी १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. यावर कधीतरी वेगळं लिहीन.) तर पेटत्या कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पावसाचा एक थेंब पडला, की ती तडकायची आणि ज्याच्या हातात कंदील त्याला आजीची बोलणी. एकाच जागी अचानक गारवा लागला, तिथली काच आकसायला गेली, शेजारची आकसेना. ओढाताण झाली.

दाराच्या काचेत हीच ओढाताण मुद्दाम करतात, पण सगळीकडे सारखी. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही अंगांनी एकदम गार हवेचे झोत सोडायचे. वरचा थर आधी घट्ट होतो. आतला सावकाश गार होताना आकसू पाहतो आणि वरच्या थराला आत खेचून धरतो. म्हणजे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली, पोट कायमचं ताणाखाली. बाहेरचा मार आधी तो दाब मोडून काढेल तेव्हाच तडा जाणार, म्हणून ही काच साध्या काचेच्या चार-पाच पट मार खाते. पण एखादं टोकदार टिंब त्या थरातून आत पोटापर्यंत पोचलं, की साठवलेली सगळी ओढाताण एकदम सुटते आणि सुऱ्यांऐवजी बोथट खडे होतात. फ्रान्समध्ये द ला बास्तीनं १८७४ मध्ये तापलेली काच तेलाच्या कुंडात बुडवून असं काहीतरी केलं होतं. पण त्याच्या काचा मधूनच, कोणी हात न लावता फुटायच्या, म्हणून लोकांचा विश्वास उडाला. हवेच्या झोतांनी ते काम नीट जमायला विसावं शतक उजाडलं.

मग पुढं लॅमिनेटेड आणि बाजूला टफन्ड, असं का? कारण टफन्ड काच फुटली की पडण्याआधी पांढरीधोप होते. जुन्या गाड्यांना पुढंही तीच असायची. खडा लागला, की ड्रायव्हरच्या डोळ्यांपुढं एकदम पडदा. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शंभरावा नियम याच विषयावर आहे. काचा सुरक्षा-काचेच्याच हव्यात आणि पुढची लॅमिनेटेड हवी, हे त्यात आलं. बाजूची काच मात्र फुटून मोकळी होणारी राहिली, आणि त्याचा एक फायदा कारखान्यातल्या कोणी बोलून दाखवला नसला तरी मोठा होता. तिथून माणूस बाहेर पडू शकतो.

आता ते दुसरं कारण.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला त्याच्या दशांशही नव्हता. बाबा त्या दिवशी कुर्ल्याला होते, आमच्या १९८६ च्या पद्मिनीत. (ती गाडी बनलीही कुर्ल्यालाच!) पाणी सीटपर्यंत आलं, इंजिन गेलं, दिवे गेले. दार उघडेना. हे गणित मी आता करून बघितलं: मीटरभर रुंद दाराला बाहेरून अर्धा मीटर पाणी लागलं, की सुमारे सव्वाशे किलोचा रेटा होतो. बाबा तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांनी हँडल फिरवून काच खाली केली आणि खिडकीतून बाहेर आले. चप्पल गेली, चष्मा राहिला. घरी हे एवढंच सांगितलं गेलं आणि वर्षानुवर्षं आम्ही ते हसत हसत सांगत आलो.

परवा माझ्या फुटक्या खिडकीकडे बघताना त्यांनी उरलेलं सांगितलं. शेजारी एक नवी कोरी गाडी होती. काचा बटणाच्या, दारांना सेंट्रल लॉक. पाण्यानं वायरिंग गेलं होतं. आत दोघं, नवरा-बायको असावीत, हातांनी काच बडवत होती. बाबांनी छत्रीच्या मुठीनं मारलं, मग कोपरानं. एका टॅक्सीवाल्यानं चाकाचा पाना आणला. तोही काचेच्या बरोबर मधोमध मारत राहिला, पाना नुसता उडायचा. आतली बाई तोवर बडवायची थांबली होती. बाबा म्हणाले, "ती थांबली, तेव्हा मला भीती वाटली." मग टॅक्सीवाल्यानं पाना उलटा धरला आणि त्याचं टोक खालच्या कोपऱ्यात हाणलं. एकाच दणक्यात सगळी काच पाण्यात.

ती दोघं वाचली. त्या दिवशी मुंबईत बंद गाड्यांमध्ये गुदमरून गेलेले लोकही होते, हे आपण सगळ्यांनी नंतर पेपरांत वाचलं. माझ्याच घरातला माणूस एका काचेच्या अलीकडे उभा राहून ते बघत होता, हे मला एकोणीस-वीस वर्षं माहीत नव्हतं. "सांगितलं का नाही?" विचारलं तर म्हणाले, "सांगण्यासारखं काय होतं? काच फुटली ना."

पाचव्या दिवशी काच आली. बसवणारा पोरगा विशीतला, हात मात्र तरबेज. आमच्या गाडीत मागच्या दारांना अजून हँडल आहे (पुढं बटणं). हँडलमागं घोड्याच्या नालेसारखी एक बारीक क्लिप असते. ती काढायला त्यानं फडक्याची पट्टी हँडलमागं सरकवून दोन्हीकडून ओढली, जोडे पुसणारे ओढतात तशी. क्लिप टुणकन बाहेर. मग दाराचा पॅड सुटला, आतलं प्लास्टिक सोलून निघालं. दाराच्या पोटात ओंजळ-दोन ओंजळ खडे होते, ते त्यानं व्हॅक्यूमनं ओढून घेतले आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी केली. ती भोकं बुजली, तर दार आतून सडतं म्हणे. काच तिरकी करून आत उतरवली, रेग्युलेटरच्या पट्टीत बसवली, रबराच्या खाचेत सरळ केली. पाऊण तासात काम फत्ते. खडे मात्र अजून निघतात. कालच लेकीच्या दप्तराच्या कप्प्यात एक सापडला.

बाबा खुर्ची टाकून सगळं बघत होते. त्यांना मी एक नवी माहिती दिली, म्हटलं खूश होतील. परदेशात हल्ली बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात, म्हणजे अपघातात माणूस बाहेर फेकला जात नाही, आवाजही कमी येतो. अमेरिकेत २०१८ च्या मॉडेलांपैकी जवळपास तिसरा हिस्सा गाड्यांना तशी काच होती. पण तिथल्या 'एएए' या मोटारचालकांच्या संघटनेनं २०१९ मध्ये काच फोडायची सहा हत्यारं तपासली. टफन्ड काच चौघांनी फोडली. लॅमिनेटेड एकानंही नाही.

बाबा खूश झाले नाहीत. उठले, चष्मा पुसला, आणि नव्या काचेच्या कोपऱ्यातला छाप वाकून वाचायला लागले. आयएसआयचा शिक्का, कंपनीचं नाव, बारीक आकडे. बराच वेळ लागला.

"टफन्ड," म्हणाले. मग पुढच्या दाराकडे गेले. तिथलाही वाचला. मग उजवीकडची दोन्ही.

मी त्या आठवड्यात टोकदार हातोडी मागवली आणि डिकीत टूलकिटजवळ ठेवली. बाबांनी ती काढून ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात ठेवली आणि बायकोला, लेकीला आणि मला एकेक करून तिथं बसवून, डोळे मिटून ती हाताला लागते का ते बघितलं.