अंडाशयाच्या कर्करोगातील अर्बुदरोधक जनुके

अर्बुदरोधक जनुके : पेशींच्या बेबंद वाढीला आवर घालणारी, डीएनएमधील मोडतोड दुरुस्त करणारी किंवा दुरुस्तीपलीकडे गेलेल्या पेशीचा मृत्यू घडवून आणणारी जनुके. अंडाशयाच्या कर्करोगात ती निकामी होणे ही मध्यवर्ती घटना होय. वाढीला चेव देणारी केरास, बीराफ यांसारखी कर्कजनुके मुख्यतः या रोगाच्या संथ प्रकारांत आढळतात; घातक प्रकार घडतो तो आवर सुटल्यामुळे. भारतीय स्त्रियांत स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांनंतर अंडाशयाच्या कर्करोगाचा क्रमांक लागतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षभरात सुमारे ४७ हजार नवे रुग्ण व ३३ हजारांच्या आसपास मृत्यू झाले.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी सहसा काम निभावते. दोन्ही प्रती गमावल्याशिवाय अर्बुद होत नाही, ही ‘दोन आघातां’ची कल्पना आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या दृष्टिपटलाच्या कर्करोगावरून मांडली. कर्करोग वारशाने येतो असे आपण सर्रास म्हणतो; येते ती एक निकामी प्रत. दुसरी आयुष्यात केव्हातरी एखाद्या पेशीत बिघडते, किंवा बिघडतही नाही.

टीपी५३ : सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील हे जनुक पी५३ हे प्रथिन तयार करते. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते आणि इजा भरून येण्याजोगी नसेल तर पेशीला मरणाकडे ढकलते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’च्या पाहणीत उच्च श्रेणीच्या सीरस, म्हणजे या रोगाच्या घातक, प्रकाराची ४८९ अर्बुदे तपासण्यात आली; त्यांपैकी ज्या ३१६ अर्बुदांतील जनुकांचा क्रम वाचला गेला, त्यांतील ९६ टक्के अर्बुदांत टीपी५३ मध्ये उत्परिवर्तन सापडले. एकाच जनुकाचा बिघाड इतक्या सातत्याने दाखवणारे कर्करोग फार थोडे. आणखी एक गोष्ट पुढे आली. हाच बिघाड अंडवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी, साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीपुंजांत, अर्बुदाच्या आधीच आढळतो. त्यामुळे ‘अंडाशयाचा’ म्हणून ओळखला जाणारा हा कर्करोग पुष्कळदा अंडवाहिनीत उगम पावतो, असे आता मानले जाते.

बीआरसीए१ व बीआरसीए२ : मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये बीआरसीए१ चे स्थान सतराव्या गुणसूत्रावर दाखवले. ते जनुक १९९४ मध्ये आणि तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए२ हे १९९५ मध्ये वेगळे करण्यात आले. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की ते बिनचूक जोडण्याच्या कामात ही दोन्ही भाग घेतात. ती नसली की पेशी घाईची, चुकांनी भरलेली जोडणी वापरते आणि चुका साठत जातात. बीआरसीए१ ची सदोष प्रत असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ४४ टक्के, तर बीआरसीए२ ची सदोष प्रत असलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रियांना वयाच्या ऐंशीपर्यंत हा कर्करोग होतो. सर्वसाधारण स्त्रियांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक रुग्णालयांतून केलेल्या भारतीय अभ्यासात २३९ रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात यांपैकी एका जनुकाचा दोष होता.

आरएडी५१सी, आरएडी५१डी व बीआरआयपी१ ही त्याच दुरुस्ती-यंत्रणेतील जनुके. क्लिअर सेल प्रकारात जवळपास निम्म्या अर्बुदांत एआरआयडी१ए बिघडलेले असते. पीटीईएन मुख्यतः एंडोमेट्रिऑइड प्रकारात.

रायगड किनारा व वंशेतिहास : बीआरसीए१ मधील १८५डेलएजी, म्हणजे ए व जी ही दोन अक्षरे गळणे, हा दोष पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंमध्ये विशेष आढळतो. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले अशी बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजाची परंपरा आहे. गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनावे लावणारा हा मराठीभाषक समाज. पण अश्केनाझींची टक्केवारी त्यांना सरसकट लावणे चूक ठरेल. दोघांचा इतिहास वेगळा आहे. उलट, हाच दोष एका भारतीय कुटुंबात स्वतंत्रपणे उद्भवल्याचे २००७ मध्ये दाखवण्यात आले. धोका ठरतो तो त्या कुटुंबावरून, समाजाच्या नावावरून नव्हे.

काशीद, नांदगाव, मुरूडच्या पट्ट्यात काय किंवा मुंबईत काय, वंशेतिहास विचारला की उत्तरे येतात ती अशी : ‘आजीची पिशवी काढली होती’, ‘मावशीच्या पोटात पाणी झालं होतं’. पिशवी काढताना अंडाशय ठेवले की काढले, हे घरात कुणाला ठाऊक नसते. पोटातले पाणी यकृताचे की कर्करोगाचे, हे कागद सापडल्याखेरीज कळत नाही. शिवाय चौकशी बहुधा आईच्या बाजूनेच होते. सदोष प्रत वडिलांकडूनही तितक्याच सहज येते, म्हणून आत्या आणि वडिलांची आई यांचे आजार मावशीइतकेच महत्त्वाचे. टाटा स्मारक केंद्राची संशोधन शाखा, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. आनुवंशिक कर्करोगाचा अभ्यास तेथे चालतो.

उपचार : ज्या दुबळेपणामुळे अर्बुद घडले तोच त्याच्यावर उलटवता येतो. कार्बोप्लॅटिनसारखी औषधे डीएनएत असे दोष निर्माण करतात की ते निस्तरायला बीआरसीएची दुरुस्ती लागते. ती नसलेल्या पेशी लवकर मरतात. पार्प हे विकर रोखले तर अशा पेशींना दुरुस्तीचा दुसरा मार्गही उरत नाही, हे २००५ मध्ये दाखवले गेले. त्यातूनच आलेल्या ओलापारिबला अमेरिकेत डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांत, पहिल्या उपचारानंतर हे औषध दिल्यावर सात वर्षांनी ६७ टक्के हयात होत्या. औषधाविना ४७ टक्के. मात्र काही अर्बुदे नव्या उत्परिवर्तनाने बीआरसीएचे काम परत मिळवतात आणि औषधाला दाद देईनाशी होतात.

प्रतिबंध : सीए-१२५ ही रक्तचाचणी व सोनोग्राफी यांनी निरोगी स्त्रियांची सरसकट चाळणी केल्यास मृत्यू कमी होत नाहीत, हे दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या ब्रिटिश चाचणीतून २०२१ मध्ये स्पष्ट झाले. सदोष प्रत असलेल्यांना मूलबाळ झाल्यावर अंडाशय व अंडवाहिन्या काढण्याचा सल्ला दिला जातो. बीआरसीए१ साठी ३५ ते ४०, बीआरसीए२ साठी ४० ते ४५ या वयात. त्याने धोका सुमारे ८० टक्क्यांनी घटतो, पण रजोनिवृत्ती अकाली येते. जनुकचाचणी शक्यतो आधी आजारी व्यक्तीची करावी. तिच्यात दोष सापडला, तरच बहिणी, मुली व मुलगे यांची नेमकी त्याच दोषासाठी चाचणी करून ठाम उत्तर देता येते.